परत न घेतलेलं मानपत्र

शाहीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळकोटच्या शाळेत दहावीच्या वर्गावर होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम माझाच, त्यामुळे पर्समध्ये तो तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिले. तास संपल्यावर व्हरांड्यात येऊन पाहिलं तर इरफानचा, तिच्या धाकट्या भावाचा नंबर. "नंदाताई, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. चार दिवसांच्या सुट्टीला म्हणून ती मुरुमला आईकडे आली होती. सकाळी चहा टाकला, ओट्याला टेकली आणि तिथंच बसली... डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. बावन्न वर्षं हे काय जायचं वय आहे? मी पोचले तेव्हा अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर दफन करायचं ठरलं होतं. पुरुष मंडळी जनाजा घेऊन गेली आणि मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून राहिले, ज्या घरात आम्ही दोघींनी लहानपणी मिळून पाढे पाठ केले होते त्या घरात.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'नव्या विषाणूचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञ'. मजकूर इरफाननं दिलेला. मी तो वाचला आणि रडायचं सोडून मला राग आला. शाहीनबद्दल आमच्या गावात दोन गोष्टी चालतात. एक ही, फोटोखाली छापतात ती. दुसरी बाजारात, आवाज उतरवून सांगतात ती: परदेशात काहीतरी लबाडी केली, पकडली गेली, म्हणून तर मोठी साहेबीण झाली नाही. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी हा लेख लिहायला घेतलाय तो त्या दोन्ही खोडायला. गुणगान करायला पुष्कळ लोक आहेत.

शाहीनचे वडील मुरुमच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. आम्ही त्यांना अब्बाच म्हणायचो, मीसुद्धा. शाळा सुटली की आम्ही दवाखान्याच्या मागच्या कट्ट्यावर बसायचो. गाईच्या खुराला पट्टी बांधायची असली की अब्बा शाहीनला हाक मारायचे, मला मारायचे नाहीत, कारण मला रक्त बघून चक्कर यायची. एकदा कुणीतरी एकाच वेतातली दोन कुत्र्याची पिल्लं आणली, दोघांना रक्ताची हगवण. पार्वो म्हणतात तो रोग. एक मेलं आणि एक चार दिवसांत उड्या मारायला लागलं. शाहीननं विचारलं, "अब्बा, आई एक, दूध एक, रोग एक. मंग ह्यो वाचला कसा?" अब्बा म्हणाले, "नशीब, बेटा." ती म्हणाली, "नशीब कुठं असतं? पोटात का रक्तात?" अब्बा हसले. ती हसली नव्हती, तिला उत्तर पाहिजे होतं. असं काही तिच्या मनात बसलं की ती आपल्यालाही सुखानं जेवू द्यायची नाही.

पुढं मी बी.एड. करून गुरुजनांच्या रांगेत बसले आणि ती पशुवैद्यकीच्या मागं लागून विषाणूंपर्यंत गेली. तिच्या पीएच.डी.साठी ती एका थंड देशात गेली तेव्हा तिच्या घरी निम्मं गाव गोळा झालं होतं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न होता: शिकणार काय? ती न कंटाळता सांगायची. तिकडं मिंक नावाचं जनावर असतं. दिसायला मुंगसासारखं, पण कूळ पाणमांजराचं. कातडीसाठी त्याला पिंजऱ्यात पाळतात. फेरेट हा त्याचाच चुलतभाऊ, तो घरात हौसेनं पाळतात. या दोघांना एक विषाणू धरतो, आपल्या कुत्र्यांच्या पार्वोच्या भाऊबंदातला, पण चाल वेगळी. तो पटकन मारत नाही. शरीर त्याच्याशी झुंजायला जे काही तयार करतं, त्यानंच हळूहळू मूत्रपिंड निकामी होतं. आणि तो बदलतो. एका फार्मवरचा विषाणू आणि दुसऱ्या फार्मवरचा विषाणू यांची जनुकांची अक्षरं ताडून पाहिली तर फरक दिसतो. त्या फरकावरून रोग कुठून कुठं गेला ते कळतं. शेजारच्या काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन आपल्याकडं हाय का ते जनावर?" शाहीन म्हणाली, "न्हाय, काकू." काकू म्हणाल्या, "मंग बरं." या 'बरं'वर आम्ही दोघी पुढं वर्षानुवर्षं हसलो.

तिकडं तिला एका आजारी फेरेटच्या नमुन्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. त्या विषाणूची पुढची निम्मी अक्षरं फेरेटमधल्या विषाणूशी जुळत होती आणि मागची निम्मी मिंकमधल्या विषाणूशी. म्हणजे दोन विषाणूंचा मिळून तिसराच तयार झाला, एक नवा प्रकार. लेख छापून आला. ती परत आली, मराठवाड्यातल्याच एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात लागली, आणि मुरुमनं तिचा सत्कार केला. आमच्याच शाळेत, आमच्याच पटांगणात. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र आमच्या जुन्या मराठीच्या सरांनी लिहिलेलं; त्यात 'विषाणुशास्त्राच्या नभांगणातील तेजस्विनी' असं काहीतरी होतं आणि 'नूतन विषाणूच्या शोधकर्त्या' हे दोनदा होतं. सोनेरी चौकट, वर काच. सरांनी ते खड्या आवाजात वाचलं तेव्हा शाहीननं माझ्याकडं बघून डोळे फिरवले, पण खूश होती. का असू नये? इरफाननं ते बैठकीत, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असं लावलं. त्याचं विहिरीवरच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांची तार काढून पुन्हा गुंडाळायचं दुकान घराला लागूनच, त्यामुळे मोटार घेऊन आलेला प्रत्येक शेतकरी ते मानपत्र बघूनच परत जायचा.

आता खरी गोष्ट. काही वर्षांनी ती तिच्या महाविद्यालयात पोरांना शिकवत होती. कुत्र्यांच्या पार्वोचे दोन वेगळे, आधीच माहीत असलेले नमुने तिनं मुद्दाम एकाच नळीत टाकले. अक्षरांच्या प्रती काढणारं जे यंत्र असतं, ते कधी गोंधळतं हे तिला दाखवायचं होतं. यंत्र गोंधळलं. एका विषाणूची नक्कल करता करता मधेच दुसऱ्यावर उडी मारून त्यानं भलतंच जोडकाम करून दिलं. पोरं हसली, वह्यांत लिहून घेतलं, घरी गेली. शाहीन मात्र संगणकाच्या पडद्यासमोर बसून राहिली. कारण ते जोडकाम तिच्या ओळखीचं होतं. तिचा तो 'नवा विषाणू' अगदी असाच दिसत होता... पुढून एक, मागून दुसरा.

तिनं मला फोन केला. मी भाकऱ्या करत होते. ती म्हणाली, "नंदे, माझा विषाणू बहुतेक न्हायच." मला काही कळेना. तिनं मला शिक्षिकेला कळेल अशा भाषेत सांगितलं: "परीक्षेत एखादं पोरगं पहिलं पान डाव्या बाकावरनं उतरवतं, दुसरं पान उजव्या बाकावरनं. तपासणाऱ्याला वाटतं, वा, हे उत्तर नवंच हाय. तो तपासणारा म्हंजी मी." त्या फेरेटला दोन्ही विषाणू एकाच वेळी झालेले असणार आणि यंत्रानं दोघांचं एक करून दिलेलं असणार. मी म्हटलं, असणार म्हणजे? नक्की नाही ना? मग राहू दे गं. मी असं म्हटलं. हे मी लपवणार नाही. पुढं मी असंही म्हटलं की त्या मिंकचं इथं कुणाला काय पडलंय. ती म्हणाली, "तू पोरांना हेच शिकवतीस का?" आणि फोन ठेवला. दोन महिने आम्ही बोललो नाही. माझ्या भाकऱ्या त्या दिवशी करपल्या, ते वेगळंच.

त्या दोन महिन्यांत तिनं जे केलं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. जुन्या प्रयोगशाळेत तो नमुना अजून गोठवून ठेवलेला होता. तिथल्या मैत्रिणीला तिनं विनवलं, तो पुन्हा काढ, पण यंत्राला उड्या मारता येणार नाहीत अशा रीतीनं. मैत्रिणीनं काढला. दोन विषाणू निघाले, शुद्ध, वेगवेगळे. तिसरा कुठंच नव्हता. तिच्या तिकडच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, चूक प्रामाणिक आहे, जुनी आहे, मिंकचे फार्म तसेही बंद पडतायत, कोण वाचणार आहे तो लेख? शाहीननं उत्तर लिहिलं, "मी वाचलाय." दुसरं कारणही होतं. तिच्या त्या अक्षरांच्या भरवशावर कुणीतरी नवी चाचणी बनवायला घेतली होती. जो विषाणू नाहीच तो शोधणारी चाचणी. तिनं लेख मागं घेतला. स्वतःच्या नावानं, कुणाकडं बोट न दाखवता, माझी चूक अशी अशी झाली असं लिहून. विभागप्रमुखाची जागा त्याच वर्षी भरायची होती. ती दुसऱ्या कुणाला मिळाली. तिनं त्याबद्दल कधी रडगाणं गायलं नाही, फक्त एकदा म्हणाली, "बढती गेली, पर झोप लागती."

यावर कुणीही थांबलं असतं. शाहीन थांबली नाही. ती मुरुमला आली, बैठकीतलं मानपत्र काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मला घेऊन शाळेत गेली. आमचा अबोला तिनंच असा मोडला, फोन करून म्हणाली, "सोबत चल. एकटीला लाज वाटायली." मुख्याध्यापकांच्या टेबलावर तिनं ते ठेवलं आणि सांगितलं, "सर, हे ज्याच्यासाठी दिलं ते खोटं निघालं. परत घ्या." मुख्याध्यापक सज्जन माणूस. त्यांनी आधी शिपायाला चहा सांगितला. मग कपाटाकडं बघितलं, मग आमच्याकडं. म्हणाले, "मॅडम, सत्काराची आवक असते. जावक नसते हो." आजवर मुरुमात, मुरुमातच काय, उभ्या जिल्ह्यात कुणी मानपत्र परत केलेलं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ठेवायचं कुठं, नोंद करायची कोणत्या रजिस्टरला, आणि ज्या सरांनी ते लिहिलं त्यांना काय वाटेल? त्यांचंही चूक नव्हतं. आपल्याकडं शाल-नारळ देण्याची रीत सगळ्यांना पाठ आहे, पण परत घेण्याची रीत कुणी घालूनच दिलेली नाही. शेवटी शाहीन म्हणाली, घेत नसाल तर परिपाठाला मला बोलू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच पटांगणात, त्याच पायरीवर उभी राहिली आणि पाचशे पोरांना आपण कसं चुकलो ते सांगितलं. पोरं अगदी शांत ऐकत होती. शिक्षक मात्र बुटांकडं बघत होते, आणि त्यांच्यात मीही उभी होते. मानपत्र आम्ही तसंच गुंडाळलेलं घरी आणलं.

गावानं त्या भाषणातलं निम्मंच उचललं. 'चुकलं' हा शब्द बाजारापर्यंत जाईतो 'पकडली' झाला आणि धान्याच्या मोंढ्यापर्यंत जाईतो 'चोरी' झाला. इरफाननं मानपत्र पुन्हा टांगलं. शाहीन सुट्टीला आली की पहिल्यांदा चप्पल काढायची, मग मानपत्र काढायची, ते कपाटाच्या मागं भिंतीकडं तोंड करून उभं करायची. ती गेली की इरफान ते पुसून पुन्हा लावायचा. बहीण-भाऊ या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. ईदेला गेले की मी भिंतीकडं बघून सांगायची, शाहीन आलीय का अजून यायचीय. एकदा मी इरफानला म्हटलं, का रे तिला छळतोस? तो म्हणाला, "लोक लई बोलतेत, ताई. त्यांना दिसलं पायजे." मला वाटलं, याला आपल्या बहिणीचं काहीच कळलेलं नाही. माणसं ओळखण्यात मी किती कच्ची आहे ते पुढं येईलच.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी शाळेत शोकसभा झाली. मागं फ्लेक्स: 'नव्या विषाणूच्या जनक'. एकामागून एक वक्ते उठले आणि प्रत्येकानं तिच्या गळ्यात तो विषाणू पुन्हा बांधला. जिवंतपणी तिनं जो उतरवायला एवढं सोसलं तो मेल्यावर तिच्यावर चढवत होते, आणि ती काही म्हणू शकत नव्हती. माझं नाव यादीत नव्हतं. मी उठले. म्हटलं, "शाहीननं कुठलाही विषाणू जन्माला घातलेला नाही. तो नव्हताच. आणि तो नव्हता हे जगाला तिनं स्वतः सांगितलं, याच पायरीवर उभं राहून तुम्हालाही सांगितलं. तिला मान द्यायचा असेल तर त्याचा द्या." कुणी टाळी वाजवली नाही, शोकसभेत वाजवतही नाहीत. एका ज्येष्ठ गृहस्थांनी माईक घेतला आणि मृतांबद्दल चांगलंच बोलावं असं सांगितलं. मी चांगलंच बोलले होते. बाहेर पडताना पाठीमागून ऐकू आलं, "म्हंजी चोरीचं खरंच हुतं म्हना की." मला वाटलं, वळून एक ठेवून द्यावी. दिली नाही, कारण बोलणारे वयानं मोठे होते.

हे बोलणं फिरत फिरत तिच्या घरात पोचणार हे मला कळायला हवं होतं. शाहीनच्या चाळिसाव्या दिवसाला मी गेले. खाला, म्हणजे शाहीनची अम्मी, बैठकीत पलंगावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, कान अजून तिखट. समोरच्या भिंतीवर मानपत्र. त्यांनी मला जवळ बसवलं, पाहुण्या बायका आत जाईपर्यंत थांबल्या, आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "सच बोल, नंदा. मेरी बेटी चोरी करी थी क्या?"

इतकी वर्षं मी या घरात येत होते, शिरखुर्मा खात होते, आणि या बाईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. शाहीनला वाटलं असेल गावाला सांगितलं म्हणजे अम्मीला कळलंच. मला वाटलं घरचे सांगतील. सगळ्या जगाला पत्र गेलं, आणि पलंगावर बसलेल्या आईला बाजारातून आलेली गोष्ट मिळाली. मी म्हटलं, "न्हाय खाला, चोरी न्हाय." आणि समजवायला गेले तर माझी शिक्षकी कुठल्या कुठं गेली. विषाणू, यंत्र, नमुना... त्या नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

दारात इरफान उभा होता, हाताला तांब्याच्या तारेचा काळा डाग. तो म्हणाला, "अम्मी, दोन जळक्या मोटारींची तार निघाली. दोन्ही येकाच रिळावर गुंडाळल्या गेल्या. आपाला वाटलं येकच तार हाय, नव्या जातीची. तसं तिनं सगळ्यांना सांगितलं. मंग पाच-सहा वर्सांनी तिच्या ध्यानात आलं की मधी जोड हाय. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिच्याच आलं. तिनं सोता सगळ्यांना कळवलं."

त्याला सगळं माहीत होतं. माझ्यापेक्षा नीट माहीत होतं.

"कुणी धरली न्हाय तिला?" खालांनी विचारलं.

"कुणी न्हाय."

"सोता सांगितलं?"

"सोता."

खाला म्हणाल्या, "ती यायची, भिंतीवरचं काढून ठेवायची. मला वाटायचं, शरमेनं काढती. मी तिला खा म्हणायची, आन आपण दुसरीकडं बघायची." चाळीस दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून त्यांनी लेकाला विचारलं, "तुला म्हाईत हुतं, तर हे कशापायी टांगलंस?"

"तुमच्यासाठी, अम्मी. लोकं बोलायची, तुमी ऐकायच्या. म्हटलं, निदान हे दिसंल."

"उतरव."

इरफान हलला नाही. पाहुणे होते, चाळिसावा होता, आतून बिर्याणीचा वास येत होता. खालांनी काठी घेतली आणि स्वतः उठायला लागल्या. तेव्हा तो पुढं आला, स्टुलावर चढला आणि त्यानं मानपत्र काढलं. या वेळी ते कपाटामागं गेलं नाही. दुकानात नेऊन त्यानं चौकट उघडली, कागद काढून माझ्या हातात दिला, सोबत गल्ल्यात जपून ठेवलेली एक इंग्रजी छापील प्रत दिली आणि म्हणाला, "ताई, आपानं ते पत्र लिव्हलं हुतं ना इंग्रजीत, लेख मागं घ्यायचं? ते मराठीत लिहून द्या. मोठ्या अक्षरात. अम्मीला वाचता आलं पायजे." मी तिथंच, वायंडिंगच्या बाकावर बसून, मानपत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर ते लिहिलं. साडेसहा ओळी झाल्या.

गेल्या शुक्रवारी मी पुन्हा जाऊन आले. त्या साडेसहा ओळी खालांना आता पाठ आहेत. आजही कुणी ना कुणी भेटायला येतं, आणि येणारा दारातच सुरू करतो, शाहीनबाई लई मोठ्या, नवा विषाणू शोधला. त्या दिवशी मी असतानाच एक निवृत्त तहसीलदार आले. खालांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. काठीनं खुर्ची दाखवली.

"आधी बसा," त्या म्हणाल्या. "तसा विषाणू नव्हता. माझी लेक चुकली हुती. तिनं काय लिव्हलंय ते आईका, मंग चहा."